एकेचाळिसावा अर्ज

शनिवारी दुपारी साडेतीनला कारकूनबाई वहिनींच्या कचेरीत आल्या, खुर्चीत बसल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या ते असं:

"मी खोटं काम केलेलं नाही, हे मला कुणीतरी सिद्ध करून हवंय. सोमवारी दुपारी बारापर्यंत."

"बारापर्यंतच का?" वहिनींनी विचारलं.

"बारा वाजता साहेब पोलिसांत जाणार आहेत."

कचेरी म्हणजे दोन खोल्या आणि बाहेर एक पाटी: 'खासगी चौकशी'. धंदा मुळात वहिनींच्या यजमानांचा. ते गेल्यावर पाटी उतरणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. वहिनींनी ती उतरवली, घासूनपुसून स्वच्छ केली आणि पुन्हा लावली. मदतीला धाकटे दीर होते, भावजी. त्यांनी तीस वर्षं सरकारी नोकरीत दुकानदारांचे तराजू तपासले होते, त्यामुळे जिकडे पारडं झुकतं तिकडेच वजन असतं, असा त्यांचा ठाम समज होता. वहिनींचा त्यांच्यावर फार जीव होता. त्यांच्या तर्कांवर मात्र काडीचाही विश्वास नव्हता.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या. "भावजी, वही घ्या. आणि पेन चालतंय का ते आधी बघा."

कारकूनबाई एका करसल्लागाराकडे बावीस वर्षं नोकरीला होत्या. वय पंचावन्नच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली.

"लोकांचे कागद वेळेत जमत नाहीत," त्या सांगू लागल्या. "मग शेवटच्या तारखेआधी आम्ही त्यांच्यासाठी मुदतीचा अर्ज टाकतो. रिटर्न भरायला चार महिने जास्त मिळतात. कर मात्र वेळेवरच भरायचा असतो. मुदत कागदांना मिळते, पैशांना नाही. यंदा असे चाळीस अर्ज होते. मी यादी केली, अर्ज टाइप केले आणि कर कार्यालयाच्या पेटीत नेऊन टाकले."

"चाळीसच?"

"चाळीसच. पण परवा चष्मेवाल्या आजोबांच्या घरी पत्र आलं, की तुमच्या विनंतीनुसार मुदत दिली आहे. त्यांनी मुदत मागितलीच नव्हती. दरवर्षी सगळ्यांत आधी कागद देणारा माणूस तो. त्यांना वाटत होतं, आपलं रिटर्न केव्हाच गेलं."

"आणि ते गेलं नव्हतं?"

"नाही. त्यांनी यंदा चष्म्यांचं दुकान विकलं, म्हणून काम जरा किचकट होतं. किचकट कामं साहेब स्वतः करतात. फाईल मी त्यांच्या टेबलावर ठेवली होती. साहेब म्हणतात, रिटर्न तयार करून पाठवायला तुमच्याकडे दिलं. मला दिलेलं नाही. आता फाईलही सापडत नाही. ते म्हणतात, मी कागदांत घोळ केला, तो झाकायला आजोबांच्या नावाने खोटा अर्ज टाकला आणि फाईल नाहीशी केली. अर्जावर आमचा रबरी शिक्का आहे, आणि शिक्का माझ्या खणात असतो."

"खणाला कुलूप?"

"दिवसा उघडाच असतो. ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज हात घालता येईल."

"तो अर्ज तुम्ही पाहिलात?"

"मला दाखवलाच नाही. सगळ्यांसमोर नुसतं बोलले." त्यांनी पर्स आणखी घट्ट धरली. "बावीस वर्षांत एक तारीख चुकवली नाही मी. आता तर काम पुष्कळ सोपं झालंय. तीन वर्षांपूर्वी नियम बदलले. मुदतीच्या अर्जाला ना पक्षकाराची सही लागत, ना उत्तर आमच्या ऑफिसात येत. पत्र थेट त्यांच्या घरी जातं. त्याआधी सह्यांसाठी चाळीस घरांचे जिने चढायची मी. गुडघे त्यातच गेले माझे."

"चाळीस जिने," भावजींनी सहानुभूतीने लिहून घेतलं. त्यांचेही गुडघे दुखत.

"पोलिसांचं पुढे काय व्हायचं ते होवो," कारकूनबाई म्हणाल्या. "पण या कामात एकदा नाव खराब झालं की कुणी दाराशी उभं करत नाही. मला दुसरं काही येत नाही हो."

वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. ही बाई खरं बोलतेय असं त्यांना वाटलं. पण वाटण्यावर त्या कधी बिल लावत नसत.

* * *

चष्मेवाले आजोबा तिसऱ्या मजल्यावर राहत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, ताठ बसलेले, उजवं मनगट मात्र मांडीवर निपचित ठेवलेलं. आठ महिन्यांपूर्वी दुकानाच्या पायरीवरून पडले, मनगट मोडलं, ते नीट जुळलंच नाही. मग दुकानही विकून टाकलं.

"पन्नास वर्षं लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून खपलो," ते म्हणाले, "आणि माझ्याच नावावर काय चाललंय ते मला दिसलं नाही."

त्यांनी पत्र आणि सोबत आलेली अर्जाची प्रत पुढे केली. वहिनींनी आजोबांचंच भिंग मागून घेतलं.

एक पानी अर्ज. वर नाव आणि करदात्याचा क्रमांक, टाइप केलेला. 'आतापर्यंत भरलेला कर' या रकान्यात एक आडवी रेघ. तळाशी शेवटची छापील ओळ, तिच्याखाली कोरी पट्टी. त्या कोऱ्या पट्टीत, उजव्या हाताला, शेवटी झोकदार शेपूट काढलेली सही. तिच्या बाजूला सल्लागाराच्या ऑफिसचा निळा शिक्का.

"सही कुठे आहे बघा, भावजी."

"खाली, उजवीकडे," भावजी म्हणाले. "सगळे तिथेच करतात."

"हो ना," वहिनी म्हणाल्या.

आजोबांची सून आतून पाण्याचे पेले घेऊन आली. प्रतीकडे तिने एकदाच पाहिलं. "ही बाबांची जुनी सही आहे. हात मोडल्यापासून ते डाव्या हाताने करतात. अशी शेपूट आता कुठली निघायला?" तिने कपाटातून बँकेचा एक कागद काढून दाखवला. त्यावरची सही तीन डगमगत्या अक्षरांची होती.

"नवी सही नोंदवायला दोनदा बँकेत खेटे घातले," दाराशी उभा असलेला आजोबांचा भाचा म्हणाला. चाळिशीचा, दाढी वाढलेला, कपाळावर कायमची आठी. "कागद हलू नये म्हणून मीच धरतो."

"मामांची बाहेरची कामं तुम्हीच करता?"

"करतो. आणि ऐकूनही घेतो. दुकान विकल्यापासून या घरात सगळे माझ्याकडे संशयाने बघतात, आता तुम्हीही बघा."

"सल्लागारांच्या ऑफिसात जाणं होतं?"

"तीनदा गेलो. एकदा कारकूनबाई नव्हत्या, त्यांच्या टेबलाशी अर्धा तास बसून होतो. लिहून घ्या."

भावजींनी ते खाली दोन रेघा मारून लिहून घेतलं.

"दुकानाच्या विक्रीवरचा कर कुणी भरला?" वहिनींनी विचारलं.

"साहेबांनी आकडा सांगितला, मामांनी तेवढे पैसे बँकेतून त्यांच्या खात्यात पाठवले. पुढे ते भरणार होते."

"साहेब इथे येतात का?"

"छे," सून म्हणाली. "आठ महिन्यांत एकदाही नाही. फोनवर तब्येत विचारतात. येतात त्या कारकूनबाई. कागद नेले की पर्समधल्या छोट्या वहीत बाबांची सही घेतात. त्यांना थरथरत्या हाताची लाज वाटू नये म्हणून तेवढ्यात खिडकीबाहेर बघत बसतात."

निघताना आजोबांनी वहिनींना खूण करून थांबवलं. आधी बाकीच्यांना बाहेर जाऊ दिलं.

"ती कारकूनबाई असं करणार नाही," ते हळूच म्हणाले. "पण मग कोण? घरातलं कुणी निघालं तर ते ऐकायचं बळ माझ्यात नाही. तरी सांगा."

* * *

सल्लागारांचं ऑफिस संध्याकाळी सातपर्यंत उघडं असे. दार काचेचं, नवंकोरं. आत रंगाचा वास अजून गेलेला नव्हता. बाहेरच्या खोलीत कारकूनबाईंचं रिकामं टेबल, आत साहेबांची केबिन, आणि केबिनमध्ये अशा खुर्च्या की भावजी बसले ते जवळपास आडवेच झाले.

साहेब गोड बोलणारे गृहस्थ होते. सोनेरी काड्यांचा चष्मा, स्वच्छ हात.

"मला काय आनंद होतोय का?" ते म्हणाले. "बावीस वर्षं डोळे मिटून विश्वास टाकला. ऑफिसची सगळी कागदपत्रं तिच्या हातात. मुदतीचे अर्ज बघा ना, दरवर्षी तीच भरते, तीच घरोघरी जाऊन पक्षकारांच्या सह्या आणते. यंदाही चाळीस घरं फिरली. एका घरी मात्र जायची हिंमत झाली नाही, म्हणून सही स्वतःच ठोकली."

"तुम्ही ती सही पाहिलीत?"

"आजोबांनी प्रत पाठवली होती ना. बेमालूम आहे हो. वीस वर्षं मी त्यांची सही बघतोय, मीसुद्धा फसलो असतो."

"पण बाईंनी हे कशासाठी केलं असेल?"

साहेबांनी आवाज उतरवला. "तो भाचा आहे ना, त्याचं इथे येणं-जाणं वाढलं होतं. दोघांचं काही संगनमत असेल. मी काही बोलत नाही. पोलीस शोधतील."

"आणि आजोबांचा कर?"

"तो मी केव्हाच भरला. शेवटच्या तारखेच्या कितीतरी आधी. पावती त्या फाईलमध्येच होती, म्हणून तर फाईल गेल्याचं दुःख."

"दुःख होणारच," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या. भावजींना उठायला हात द्यावा लागला.

रस्त्यावर आल्यावर भावजींनी निकाल देऊन टाकला. "भाचा. टेबलाशी अर्धा तास एकटा होता, शिक्का हाताशी, मामाच्या पैशांवर डोळा. पारडं सरळ झुकतंय, वहिनी."

"झुकतंय खरं. कुणीतरी बोट लावलंय की काय, ते बघायला हवं."

"म्हणजे तो नाही?"

"भावजी, तुम्हाला माझी सही खोटी करायची असेल, तर माझी कुठली सही समोर ठेवाल?"

"तुमची नेहमीची."

"झालं तर," वहिनी म्हणाल्या आणि फोन काढून त्यांनी भाच्यालाच एक काम सांगितलं. भावजींना हे मुळीच आवडलं नाही. संशयिताला कामाला लावायचं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवण्यातला प्रकार, असं ते घरी पोहोचेपर्यंत पुटपुटत होते.

* * *

सोमवारी सकाळी अकराला सगळे साहेबांच्या केबिनमध्ये जमले. आजोबा, सून, नुकताच धापा टाकत आलेला भाचा, आणि दाराजवळ उभ्या कारकूनबाई. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. वहिनींनी आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"बाराला मला जायचंय," साहेब म्हणाले.

"तेवढा वेळ लागणार नाही. प्रश्न एकच आहे, आजोबांच्या रिटर्नला उशीर व्हायला कुणाला हवा होता? त्यासाठी ही सही पुरे आहे." वहिनींनी प्रत टेबलावर ठेवली. "साहेब, कारकूनबाईंवरचा तुमचा आरोप असा की त्यांनी ही खोटी सही केली."

"अर्थात."

"आता मला सांगा, त्यांनी ती केली कशाला?"

"कशाला म्हणजे? सहीशिवाय अर्ज कसा जाईल?"

"जातो की," वहिनी म्हणाल्या. "तीन वर्षं झाली, मुदतीच्या अर्जाला सही लागत नाही. हा कागद बघा. सहीसाठी जागाच छापलेली नाही. म्हणून ती इथे तळाच्या कोऱ्या पट्टीत केलीय. बाईंनी यंदा चाळीस अर्ज पाठवले, एकावरही सही नव्हती. त्यांना एकेचाळिसावा खोटा पाठवायचा असता, तर नुसतं नाव टाइप करून पेटीत टाकला असता. खोटी सही कुणी केली हा प्रश्नच उरला नसता. शिवाय मंजुरीचं पत्र थेट आजोबांच्या घरी जाणार, हेही त्यांना ठाऊक होतं. लपवाछपवी करणारा माणूस असा अर्ज टाकेल का, जो चार दिवसांत स्वतःच बोंब ठोकेल?"

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"म्हणजे अर्ज करणाऱ्याला या कामाची माहितीच नव्हती," भावजी उत्साहाने म्हणाले. "बाहेरचा माणूस. मी म्हणालो होतो, भाचा."

भाच्याच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली.

"मलाही क्षणभर तसंच वाटलं," वहिनी म्हणाल्या. "पण भाच्याने खोटी सही केली असती, तर कुठली केली असती? आठ महिने तो मामांचा कागद धरतोय. बँकेत नवी सही नोंदवायला तोच गेला होता. जुनी सही आता कुठेच चालत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? सूनबाईंनाही माहीत. कारकूनबाईंनाही, त्यांच्या वहीत नव्या सह्या आहेत. सुनेने तर एका नजरेत ही जुनी म्हणून सांगितलं."

आजोबांनी सुस्कारा सोडला. त्यांनी डावा हात भाच्याच्या हातावर ठेवला. भाच्याने हात काढून घेतला नाही.

"तेव्हा आपल्याला असा माणूस हवा," वहिनी पुढे म्हणाल्या, "ज्याने आजोबा पडल्यापासून त्यांना सही करताना पाहिलेलं नाही. ज्याच्यासमोर फक्त जुन्या वर्षांचे कागद आहेत. ज्याला हा शिक्का आणि करदात्याचा क्रमांक बसल्या जागी मिळतो. आणि मुदतीच्या अर्जांवर अजून घरोघर सह्या घेतात, अशी ज्याची समजूत आहे. ती समजूत शनिवारी मी एकाच माणसाच्या तोंडून ऐकली. 'यंदाही चाळीस घरं फिरली,' असं तुम्ही म्हणालात, साहेब. बाई एकाही घरी सहीला गेल्या नव्हत्या."

वहिनींनी प्रत त्यांच्याकडे सरकवली.

"आणि ही सही तुम्हाला बेमालूम वाटली. आजोबांना गेल्या आठ महिन्यांत भेटलेल्या कुणालाही ती तशी वाटली नसती."

"हे सगळे तर्क आहेत," साहेब म्हणाले. आवाजातला गोडवा आटला होता. "मी माझ्याच पक्षकारासाठी खोटा अर्ज कशाला करू? मागितलं असतं तर त्यांनी मला दहा सह्या दिल्या असत्या."

"मागितलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, मुदत कशाला हवी. कागद तर केव्हाच दिलेत, पैसेही दिलेत." वहिनींनी प्रतीतल्या एका रकान्यावर बोट ठेवलं. "आतापर्यंत भरलेला कर. इथे रेघ आहे. कर भरून पावती हातात असलेला कुठलाही सल्लागार इथे आकडा लिहील. तुम्ही लिहिला नाहीत, कारण खोटा आकडा कार्यालयाने लगेच पकडला असता. रिटर्न पाठवलं असतं तरी तेच झालं असतं. म्हणून तुम्हाला चार महिने हवे होते, पैसे कुठून तरी उभे करायला. मंजुरीचं पत्र पूर्वीसारखं आपल्याच ऑफिसात येईल आणि कुणाला पत्ता लागणार नाही, असा हिशेब होता. ते गेलं आजोबांच्या घरी. मग दोष द्यायला माणूस हवा होता, तो बाहेरच्या टेबलाशी बसलेलाच होता."

"पुरावा?"

भाच्याने खिशातून दोन कागद काढले. "सकाळी नऊला कर कार्यालयाच्या खिडकीशी पहिला मीच होतो. यंदा मामांच्या नावावर एक पैसाही जमा नाही. आणि हा बँकेचा कागद. पाच महिन्यांपूर्वी पैसे तुमच्या खात्यात गेले."

साहेबांनी कागदांना हात लावला नाही. काचेच्या दाराकडे एकदा पाहिलं, मग टेबलाकडे.

"पैसे ऑफिसच्या या नव्या सजावटीत अडकले," ते अखेर म्हणाले. "मी परत ठेवणारच होतो. फाईल माझ्या घरी आहे."

"पोलिसांत जायची तयारी तुम्ही केलीच आहे," आजोबा म्हणाले. "आता मी जातो."

कारकूनबाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्या रडतील असं भावजींना वाटलं आणि त्यांनी रुमाल तयार ठेवला. पण त्यांना राग आला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदाच आला असावा, त्यामुळे तो नीट मांडता येत नव्हता.

"सही लागत नाही," साहेब त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "हे मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगितलं होतं, साहेब. तीन वर्षांपूर्वी, याच टेबलाशी उभी राहून. तुम्ही बरं म्हणालात. मग नवा नियम लिहून तुमच्या फाईलला लावला. तोही तुम्ही वाचला नाहीत."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी सवयीने उचलला, थोडं ऐकलं, आणि फोनवर हात ठेवून तितक्याच सवयीने कारकूनबाईंकडे पाहिलं.

"त्या छापखानावाल्यांच्या अर्जाचं काय झालं?"

कारकूनबाई उठल्या. गुडघ्याला हात लावून, सावकाश टेबलापाशी गेल्या आणि फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"तुमची मुदत मंजूर झालीय," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "पत्र दोन दिवसांत घरी येईल. रिटर्नचं मी बघते. पण यापुढे इथे फोन करू नका. माझा घरचा नंबर सांगते, लिहून घ्या."

आणि त्यांनी एकेक आकडा सावकाश, दोनदा सांगितला.